सकाळची सोय

“काही मेडिकल आहे का मुलांचं?” टेबलापलीकडच्या मुलीनं विचारलं आणि मी खुर्चीत जरा पुढे सरकले.

ते ऑफिस थंडगार होतं. भिंतीवर जिराफ, फुगे आणि हसरी मुलं चिकटवलेली होती. तोवर सगळं छान चाललं होतं. शिबिर सकाळी आठ ते बारा, बस घराच्या कोपऱ्यापर्यंत येणार, चित्रकला, स्केटिंग, आठवड्यातून एकदा पोहणं. माझा सहा वर्षांचा निनाद स्केटिंगचा फोटो बघून केव्हाच विरघळला होता. अकरा वर्षांची ऋता माझ्या खुर्चीमागे उभी होती.

“मुलाचं काही नाही,” मी म्हणाले. “मुलीला टाइप वन डायबेटिस आहे. म्हणजे मोठ्या माणसांना होतो तो नव्हे. हिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, म्हणून दिवसातून चार वेळा इंजेक्शन घ्यावं लागतं. सकाळचं मी घरीच देईन. पण खेळताना साखर एकदम खाली येऊ शकते. तशी आली की हात थरथरतात, घाम फुटतो, कधी कधी ती भलतंच बोलायला लागते. तेव्हा लगेच ग्लुकोज द्यायचं. उशीर झाला तर बेशुद्ध पडू शकते. फिटही येऊ शकते. तसं झालं तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखान्यात…”

मुलगी ऐकत होती. तिचं हसू ओठांवर तसंच होतं, पण आता ते तिथे ठेवायला तिला कष्ट पडत होते.

“एक मिनिट हं,” म्हणून ती आत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिच्याबरोबर एक बाई होत्या. त्या फार गोड बोलल्या. त्यांच्याकडे नर्स नसते, पालकांनी समजून घ्यावं, मुलाला मात्र आनंदानं घेऊ.

“आई, चाल नं,” ऋता मागून म्हणाली.

कोल्हापूरला येऊन आम्हाला आठवडासुद्धा झाला नव्हता. मी विमा कंपनीत होते. बढती मिळाली आणि बदली अमरावतीहून थेट राज्याच्या या टोकाला झाली. सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि आज शनिवार होता. माझा नवरा प्रफुल्ल ज्युनियर कॉलेजात शिकवायचा. पेपर तपासणी संपल्याशिवाय त्याला निघता येणार नव्हतं. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. शाळा उघडायला जून उजाडणार होता.

शेजारच्या शिंत्रे काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “पोरं कुठं ठेवणार ओ तुम्ही?” मग त्याच म्हणाल्या, “दुपारचं जेवायला येऊ देत माझ्याकडं. झोपतील, टीव्ही बघतील, मला सोबत. पण दिवसभर मला नाही झेपायचं. सकाळची सोय तुमची तुम्ही बघा.” ऋताच्या इंजेक्शनचं सांगितलं तेव्हा त्यांनी तोंडावर पदर धरला, पण शब्द मागे घेतला नाही. दुपारचं इंजेक्शन ऋता स्वतः घ्यायची, त्यांनी फक्त समोर बसायचं होतं.

म्हणून ही सकाळची सोय शोधत मी दोन्ही मुलांना घेऊन निघाले होते. माझ्या खांद्यावर ऋताची पिशवी होती. साखर तपासायचं यंत्र, ग्लुकोजच्या गोळ्या, बिस्किटं, केळं, इन्सुलिनचा थंड डबा. ही पिशवी मी कुणाच्याही हातात देत नसे.

दुसरं शिबिर एका शाळेत होतं. तिथल्या सरांनी मला अर्ध्यावरच थांबवलं. “ताई, आमच्याकडं दीडशे पोरं. मी कुणाकुणावर नजर ठेवू सांगा? उद्या काही झालं तर तुम्हीच म्हणाल सरांनी बघितलं नाही.” ते खोटं बोलत नव्हते. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हणाले असते. त्यांनी डॉक्टरचं पत्र आणा, मग विचार करू असंही सुचवलं. डॉक्टर अमरावतीला होते. नव्या गावातला डॉक्टर मी अजून शोधलाच नव्हता.

रिक्षात निनादनं विचारलं, “आई, ताईमुळे आपल्याला नाही म्हणतात का?”

“गप रे,” मी म्हणाले.

ऋता बाहेर बघत राहिली.

तिसरी जागा एका जुन्या सभागृहात होती. शिंत्रे काकूंनीच सांगितलेली. आत शिरलो तर ओल्या मातीचा वास. एका लांब सतरंजीवर मुलं मातीचे प्राणी करत बसली होती, आणि ते काम इतक्या शांतपणे चाललं होतं की माझ्या मनात आलं, हेच. इथे पळापळ नाही. इथे साखर कशाला उतरेल? निनाद माझा हात सोडून सरळ सतरंजीकडे गेला आणि एका मुलाच्या घोड्यापुढे उकिडवा बसला.

शिबिर चालवणारे गृहस्थ वयस्कर होते, पांढऱ्या शर्टातले, नाव कुलकर्णी की कुळकर्णी ते आता आठवत नाही. त्यांनी माझं सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मधे थांबवलं नाही. माझी आशा वाढत गेली.

मग ते चष्मा काढून म्हणाले, “मुलाला ठेवा. खुशाल ठेवा. पण अशा आजारी मुलीला कशाला दगदग करायला लावता? तिला घरी राहू द्या. पुस्तकं वाचेल, आराम करेल. तिच्या नशिबी जे आलंय ते आलंय.”

ऋता माझ्या शेजारीच उभी होती. तिला कळणार नाही अशा वयाची ती नव्हती.

“आई,” निनाद तिकडून ओरडला, “मला घोडा करायचाय! मी इथेच येणार!”

काय करावं ते मला कळेना. एका मुलाची तरी सोय लागत होती. दुसरीसाठी मग सुट्टी मागता येईल, पण पहिल्याच दिवशी सुट्टी कोण देणार? प्रफुल्लला बोलावून घ्यावं? मी ऋताकडे बघितलं. ती म्हणाली, “घाल नं त्याला. मी बाहेर बसते.” आणि व्हरांड्यात गेली.

मी गृहस्थांशी बोलत राहिले. वेळ काय, डबा काय, माती आपण आणायची का. एकदा मान वळवून बघितलं तेव्हा व्हरांड्याच्या बाकावर तिची निळी ओढणी दिसली होती. निनादला सतरंजीवरून उठवायलाही थोडा वेळ गेला. आम्ही बाहेर आलो तर बाक रिकामा होता. दाराशी तिच्या चपला नव्हत्या.

“ऋता?”

आधी वाटलं, पाणी प्यायला गेली असेल. सभागृहाच्या मागे नळ होता, तिथे गेले. मग बायकांच्या स्वच्छतागृहात. मग फाटकाबाहेर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उन्हात माणसं चालली होती आणि त्यात माझी मुलगी नव्हती.

आणि तिची पिशवी माझ्या खांद्यावर होती.

सकाळी साडेसातला तिनं इंजेक्शन घेतलं होतं, त्यावर नाश्ता केला होता. मधल्या वेळचं खाणं व्हायचं होतं. दुसऱ्या शिबिरातून निघाल्यावर देणार होते ते गडबडीत राहून गेलं होतं. आता ती भर उन्हात, एका अनोळखी गावात, खिशात बिस्किटाचा तुकडाही नसताना चालत होती.

मागच्या वर्षीच्या मे महिन्यात ती सारखी पाणी पीत होती. अमरावतीत मे महिन्यात कोण पाणी पीत नाही? ती बारीक झाली तेव्हा आम्ही म्हणालो, उंच होतेय. ती दुपारी झोपायला लागली तेव्हा म्हणालो, ऊन आहे. आणि एका सकाळी मी तिला उठवायला गेले तर ती उठली नाही. खांदे धरून हलवलं, तोंडावर पाणी मारलं. तिचा श्वास जोरजोरात चालला होता आणि तोंडाला सडक्या फळासारखा वास येत होता. पुढचे दिवस अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर गेले. ती परत आली. पण त्या सकाळपासून, ती कधी जरा जास्त वेळ झोपली तरी मी तिच्या नाकाशी हात धरून बघायची.

मी निनादचा हात धरला आणि डावीकडे धावत सुटले. डावीकडेच का, ते सांगता येणार नाही. चौकात आल्यावर पुन्हा तीन रस्ते फुटले. मी प्रफुल्लला फोन लावला.

“ऋता हरवली.”

“काय? कुठे आहेस तू?”

“माहीत नाही.” आणि खरंच माहीत नव्हतं. रिक्षावाल्याला काकूंनी फोनवरून पत्ता सांगितला होता. ती पेठ कुठली, चौक कुठला, मला काहीच ठाऊक नव्हतं. समोर एक कापडाचं दुकान होतं, त्याची पाटी मी त्याला वाचून दाखवली, जणू अमरावतीत बसून तो ती ओळखणार होता.

“पोलिसात जा,” तो म्हणाला. मग त्याचा आवाज चिरकला. “तिनं खाल्लंय का काही?”

मी फोन ठेवून दिला.

“आई, हळू,” निनाद म्हणाला. त्याची चप्पल निसटली होती. मी त्याला कडेवर घेतलं. सहा वर्षांचा, चांगला दणकट मुलगा.

एका फुलवालीला विचारलं, तिनं मान हलवली. रिक्षा थांब्यावर विचारलं. “निळी ओढणी, दोन वेण्या,” मी सांगत होते, आणि माझ्या तोंडून आपोआप पुढचंही येत होतं, “तिला डायबेटिस आहे, ती कुठे पडली असेल…” एक रिक्षावाला म्हणाला, “ताई, घाबरू नका, मी या अंगानं बघून येतो,” आणि खरंच रिक्षा काढून गेला.

रसाच्या गुऱ्हाळावर एक बाई ऊस पुसत बसली होती. तिनं माझं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. “दोन वेण्यांची? आली की मघाशी. ‘तो आवाज कुठनं येतोय’ म्हणून विचारत होती.”

“कसला आवाज?”

“शिट्टीचा ओ. मागं मैदान हाय नव्हं, पोरींचा फुटबॉल चालतोय. त्या बोळातनं गेली.”

मी बोळात शिरले.

बोळ संपला तिथे तारेचं कुंपण होतं आणि पलीकडे मोठं, उघडं, धुळीचं मैदान. एका कडेला कुणा तालमीची भिंत, दुसऱ्या कडेला निलगिरीची झाडं. वीस-पंचवीस मुली धावत होत्या. कुणाच्या अंगावर पिवळा टी-शर्ट, कुणाच्या पांढरा, कुणी भावाची जर्सी घातलेली, गुडघ्यापर्यंत येणारी. आणि त्यांच्यामध्ये ऋता. अनवाणी. ओढणी कमरेला बांधलेली, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. ती चेंडूच्या मागे नव्हे, चेंडू जिथे होता तिथून पुष्कळ लांब, पण जीव खाऊन धावत होती.

एक वर्ष मी तिला धावताना पाहिलं नव्हतं.

मी हाक मारली, पण मुलींच्या गलक्यात ती तिच्यापर्यंत पोचली नाही. निनादला खाली ठेवलं आणि फाटकाची कडी चाचपडायला लागले. ती गंजलेली होती, निघेना.

तेवढ्यात ऋता थांबली. गुडघ्यांवर हात टेकून वाकली. मग सरळ झाली आणि स्वतःचा उजवा हात डोळ्यांसमोर धरून त्याच्याकडे बघायला लागली. बोटं थरथरताहेत का ते बघत होती. घरी हे मी करायची. तिचा हात हातात घेऊन.

मी कडीवर दगड मारणार होते. मग बघितलं, ती मैदानाच्या कडेकडे चालत निघाली होती. चालताना तिनं हात वर केला. ट्रॅकसूट घातलेली, साधारण माझ्याच वयाची एक बाई शिट्टी तोंडात धरून उभी होती. तिनं शिट्टी वाजवली. खेळ थांबला. ऋता तिला काहीतरी म्हणाली. ती बाई मोठ्यांदा ओरडली, “ए, गोड काय हाय कुणाच्या पिशवीत?”

चारपाच मुली पिशव्यांच्या ढिगाकडे पळाल्या. एकीनं राजगिऱ्याचा लाडू आणला, दुसरीनं सरबताची बाटली. ऋता मातीत मांडी घालून बसली, बाटली तोंडाला लावली, आणि मग लाडू खायला लागली.

मी कधी कडी सोडली मला आठवत नाही. मी कुंपणाशी उभी होते, दोन्ही हातांनी तार धरून. तिनं लाडू संपवेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. निनादनंच शेवटी कडी काढली. ती वर उचलून सरकवायची होती.

मग मात्र मी धावत गेले.

ऋतानं मला येताना पाहिलं. “आई, थांब. खाल्लंय मी.”

“न सांगता गेलीस? न सांगता? तुला काही झालं असतं म्हणजे?” माझा हात उठला होता. आयुष्यात मी तिच्यावर हात उगारला नव्हता.

“ओ ताई,” ट्रॅकसूटवाली बाई मधे आली, “हात खाली घ्या. आधी तिचं काय ते बघा. रागवायचं मागनं.”

मी खाली बसले. पिशवी उघडताना चेन अडकली. यंत्र काढलं, ऋताचं बोट धरायला गेले, पण तिनं यंत्र माझ्या हातातून घेतलं. बोट पुसलं, सुई टोचली, थेंब पट्टीला लावला. सगळ्या मुली वर्तुळ करून वाकून बघत होत्या.

“दुखतंय काय गं?” एकीनं विचारलं.

“हो,” ऋता म्हणाली. “पण जरासंच.”

“एकाहत्तर,” तिनं यंत्र माझ्यापुढे धरलं. “वर चढतेय. लाडू आत्ताच खाल्लाय.”

कमी होती, पण बरी होती. मी तिचं डोकं छातीशी धरलं. घामाचा आणि धुळीचा वास येत होता. तिनं थोडा वेळ धरू दिलं आणि मग सोडवून घेतलं, कारण मुली बघत होत्या.

त्या बाईचं आडनाव इंगवले. शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या आणि उन्हाळ्यात सकाळी सात ते अकरा त्या मैदानावर मुलींचं शिबिर घ्यायच्या. “तुमची पोरगी आली,” त्या मला म्हणाल्या, “आणि सरळ माझ्यापुढं उभी राहिली. म्हणाली, मला डायबेटिस आहे, मधनंच बसावं लागतं, गोड खावं लागतं, चालेल का? मी म्हटलो, बॉल मारता येतो काय? म्हणाली, नाही. मी म्हटलो, मग ये, शिकवतो.”

निनाद माझ्या कानात कुजबुजला, “आई, त्या मुलासारखं बोलतात.” इथल्या बायका ‘मी म्हटलो, मी गेलो’ म्हणतात हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं.

“तुम्ही कुणाचं मूल आहे, कुठून आलं, काही विचारलं नाही?” मी म्हणाले. माझ्या आवाजात अजून राग होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

“विचारलं की. आई येतीय मागनं, म्हणाली.”

ऋता बुटांच्या लेस बांधणाऱ्या एका मुलीकडे बघत होती. माझ्याकडे बघावं लागू नये अशा बेतानं.

मी इंगवले मॅडमना सगळं सांगायला घेतलं. इन्सुलिन, खाण्याच्या वेळा, थरथर, घाम, असंबद्ध बोलणं, बेशुद्धी, फिट. त्यांनी मान डोलावली नाही, मधे हसल्याही नाहीत. शेवटी म्हणाल्या, “मला यातलं काय येत नाही ताई. खरं सांगू? भ्या वाटतंय ऐकून.”

मला वाटलं, झालं. चौथा नकार. आणि या वेळी तो ऐकताना मला आत कुठेतरी हलकं वाटलं. बरं झालं, नेऊ घरी, दार लावून घेऊ.

“पण पोरगी थांबली बघा,” त्या म्हणाल्या. “खेळात दंग होती, तरी थांबली. माझ्या निम्म्या पोरी पाय मोडला तरी सांगत नाहीत. हिला ठेवतो मी. ते यंत्र कसं चालवायचं ते मला आत्ताच शिकवा.”

आणि त्यांनी स्वतःचं बोट पुढे केलं. ऋतानं टोचलं. मॅडम “आई गं!” म्हणून अशा ओरडल्या की सगळ्या पोरी खिदळल्या.

प्रफुल्लला ‘सापडली, खाल्लंय तिनं’ एवढं फोनवर सांगितलं. परत जाताना आम्ही बोळातून चालत होतो. ऋता चपला हातात घेऊन चालत होती. तळपायाला फोड आले होते. डायबेटिस असलेल्याच्या पायाला फोड. मी ते बघितलं, आणि घरी गेल्यावर औषध लावू असं मनात म्हणून तोंड बंद ठेवलं.

“तुला कळतंय का मी काय अवस्थेत होते?” मी विचारलं.

“हो.”

“मग?”

तिनं चपला दुसऱ्या हातात घेतल्या. निनाद पुढे दगड उडवत चालला होता.

“तू सांगतेस नं लोकांना,” ती म्हणाली, “तेव्हा तू दरवेळी बेशुद्धवर येऊन थांबतेस. मी तिथे उभी असते आई. ते माझ्याकडे बघतात आणि त्यांना वाटतं मी आत्ताच पडणार. तू असं सांगतेस की कुणीही नाहीच म्हणेल.”

“खरं तेच सांगते.”

“मी पण खरंच सांगितलं.”

गुऱ्हाळाशी आलो तेव्हा ऊसवाली बाई ओरडली, “घावली नव्हं? बरं झालं!” मी नुसती मान हलवली. रिक्षा थांब्यावर तो रिक्षावाला परत आला होता. त्यानं ऋताला बघितलं, रिक्षा वळवली आणि आम्हाला घरी सोडलं.

निनादला कुठे घालायचं हा प्रश्न होताच. मला त्या सभागृहाचं तोंड बघायचं नव्हतं. पण रात्री जेवताना ऋताच म्हणाली, “त्याला तिथेच घाल. त्याला घोडा करायचाय.” मग तो तिथेच गेला. घोडा काही त्याला जमला नाही; दोन आठवडे तो बैलच करत होता.

सोमवारी सकाळी मी ऋताला मैदानावर सोडलं. तिच्या पायात नव्या शाळेसाठी घेऊन ठेवलेले कॅनव्हासचे बूट होते. पिशवी मी इंगवले मॅडमना दिली, त्यांनी ती पोरींच्या पिशव्यांच्या ढिगात न टाकता स्वतःच्या खांद्याला अडकवली. मी निलगिरीच्या सावलीत उभी राहिले. थोड्या वेळानं मॅडम आल्या. “ऑफिस कधीचं हाय तुमचं?” दहाचं, मी म्हणाले. “मग जावा की. तुम्ही इथं उभ्या राहिला की ती चेंडूकडं बघत नाही, तुमच्याकडं बघतीय.” मी गेले.

या गोष्टीला आता चौदा वर्षं होतील. ऋता पुढे कॉलेजपर्यंत खेळली, खूप चांगली नव्हे, पण हट्टानं खेळली. आता ती बंगळूरला नोकरी करते, दंडावर सेन्सर लावून फिरते, आणि मी फोनवर “खाल्लंस का?” विचारलं की म्हणते, “दुसरं काहीतरी विचार.” लोक मला म्हणतात, तुमची मुलगी धीट आहे. आहे. पण माझ्या धीटपणाबद्दल कुणी विचारलं तर मला त्याच उन्हाळ्यातला एक फोन आठवतो.

मी ऑफिसात होते. माझ्यासमोर एक म्हातारे गृहस्थ मुदत संपलेल्या पॉलिसीबद्दल बोलत होते. फोन वाजला, इंगवले मॅडमचा. त्यांनी कधी फोन केला नव्हता.

“ताई, घाबरू नका. झालं होतं तिला ते.”

मी उभी राहिले. खुर्ची मागे भिंतीवर आपटली. समोरचे गृहस्थ बोलायचे थांबले.

“बेशुद्ध?”

“नाही नाही. आपल्याच गोलाकडं बॉल घेऊन पळाय लागली. पोरी हसाय लागल्या, मग माझ्या ध्यानात आलं. तोंडात गोळ्या घातल्या, सरबत दिलं. दोनदा तपासली. आता शंभराच्या वर हाय.” त्यांचा श्वास ऐकू येत होता. मागे मुलींचा गलका होता. “मॅच हाय आज, पलीकडच्या पेठेच्या पोरी आल्यात. दुसरा हाफ सुरू व्हायचाय. ही म्हणतीय, उतरणार. मी म्हटलो, तुझ्या आईला विचारल्याबगर नाही. सांगा, उतरवू? का तुम्ही येताय न्यायला?”

मी पर्स हातात घेतली होती. रिक्षानं दहा मिनिटं लागली असती. नको म्हणणं सोपं होतं, आणि ते चूकही ठरलं नसतं. कुठल्याही डॉक्टरनं मला दोष दिला नसता. माझ्या डोळ्यांसमोर अमरावतीची ती खोली आली, न उठणारे खांदे, ओला चेहरा.

“ताई? हाय ना लाइनीवर?”

“ती कशी दिसतेय?” मी विचारलं.

“चिडलीय,” मॅडम म्हणाल्या.

मला हसू आलं की रडू, सांगता येत नाही. म्हातारे गृहस्थ माझ्याकडे बघत होते. मी खुर्ची पुढे ओढली, बसले.

“तिला विचारा, आता बरं वाटतंय का,” मी म्हणाले. “ती जे सांगेल ते खरं असतं.”

फोन तसाच चालू राहिला. तिकडे मॅडमनी तो बहुधा कुणाच्या तरी हातात दिला, कारण आधी वारा ऐकू आला, मग धापा टाकणारा एक बारीक आवाज म्हणाला, “काकू, मी गोलकीपर बोलतोय. तुम्ही थांबा हं, मी सांगतो काय होतंय ते.” आणि मागे, पुष्कळ लांबून, शिट्टी वाजली.